अधीक्षकांच्या दारात

जिल्हा रुग्णालयात भावाला बघायला गेले, तेव्हा अधीक्षकांच्या दारात एक बाई मांडी घालून बसलेली दिसली. तिची सून आदल्या दिवशी बाळंतपणात गेली होती. ती कळा सोसत असताना बोलावूनही डॉक्टर आले नव्हते.

शिपाई म्हणाला, "मावशी, उठा आता. नशिबात होतं ते झालं."

"नशीब ड्युटीवर नव्हतं," ती म्हणाली. "ड्युटीवर कोण होतं, ते सांगा."

मी जागीच थबकले. सरकारी दवाखान्यात आपण किती सवयीने हात जोडतो, जणू तिथले उपचार म्हणजे कुणाचे उपकारच! या बाईचे हात मात्र मांडीवर स्वस्थ होते.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. मग रांगेतल्या बायकाही येऊन बसल्या. शेवटी दार उघडून साहेब बाहेर आले. आमच्यातलं कुणीही उठून उभं राहिलं नाही.