वरून काय दिसतं, ते आत्याने सांगितलंच नाही

माझी आत्या एक गोष्ट मला न सांगताच गेली.

मुद्दाम.

आज वर्ष झालं. सकाळी विहारात सगळे जमले होते. तिच्याबद्दल सगळे भरभरून बोलले. मी गप्प बसलो, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

शकुआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण. परळच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. आणि डोक्यात सतत प्रश्न. कबुतरं पावसात झोपतात कुठे? लिफ्टचा दोर तपासतं कोण? उत्तर मिळेपर्यंत समोरच्याची सुटका नाही.

रिटायरमेंट जवळ आली तेव्हा म्हणाली, "निल्या, मला बर्फावर चढायचंय."

"फ्रीज उघड."

"मस्करी नको. चढायचंय. स्वतःच्या पायांनी."

आता आली पंचाईत. ती सुटणार मे संपल्यावर, म्हणजे उन्हाळ्याचं अगदी शेपूट. तोवर बर्फ उरलेला हवा. पण चढ तिच्या गुडघ्यांना झेपणारा हवा. आणि गाडीने थेट बर्फापर्यंत जाऊन भाड्याच्या कोटात फोटो काढतात, ते तर अजिबात नको. "तो बर्फ आयता मिळतो रे."

मला जरा अवघड शिखर हवं होतं. दोर, काटेरी बूट, सगळं साग्रसंगीत. मी जिमला जातो ना!

तिने एकेका ट्रेकवाल्याला फोन लावला. सगळ्यांचं उत्तर एकच. "मॅडम, मॉडरेट है."

"मॉडरेट म्हणजे काय रे निल्या? लालबागला मॉडरेट तिखट म्हणून मसाला कुटून दिला होता. तुझी आई दोन दिवस नाक पुसत होती."

शेवटी हिमाचलमधल्या एका छोट्या गावातल्या गाइडचा नंबर मिळाला. आत्याने स्पीकर लावला.

"भैया, जून में बरफ बचेगा ना?"

"ऊपर वाली ढलान पे बचेगा, आंटी."

"पाँव के नीचे आएगा? की खाली दूर से दिखेगा?"

"पाँव के नीचे आएगा."

"और हमारे उमर का कौन जाता है उधर?"

"मेरी माँ जाती है. भेड़ ढूँढने."

आत्याने फोन ठेवला. "ठरलं. त्याची आई जाते."

झालं, शिखर असं निवडलं. माझं इंटरनेट, माझे रिव्ह्यू, सगळं पाण्यात.

मग सराव. आमच्या टॉवरच्या जिन्यावर, पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदूळ. आता सिस्टर एवढं ओझं घेऊन जिना चढतायत म्हटल्यावर लोकांना वाटलं लिफ्ट बंद पडली. अख्खी विंग निमूट जिना चढायला लागली. कोणी बटण दाबूनही बघेना! सोसायटीने लिफ्टवाल्याला बोलावलं. तो बिचारा बघतो तर लिफ्ट ठणठणीत.

जूनमध्ये गेलो. शेवटच्या दिवशी, बर्फाच्या उताराच्या अगदी तोंडाशी, मला उलट्या सुरू झाल्या. डोकं फुटायला आलं. हो, मला. जिमवाल्याला.

आत्याने माझ्या बोटाला ऑक्सिजनचा मीटर लावला, आकडा बघितला. "तू खाली. वाद नको. चल, मी पण येते."

ती वळलीसुद्धा. बर्फ समोर होता, तरी वळली.

मी म्हटलं, "आत्या, तू जा. प्लीज. वरून काय दिसतं ते मला येऊन सांग."

गाइडचा भाऊ मला खाली न्यायला सोबत होता. आत्याने त्याला दहा सूचना दिल्या, माझ्या गालावर हात ठेवला. "सांगते."

नीट ऐका. "सांगते" म्हणाली होती.

दुपारी तंबूवर परत आली. नाक लाल, ओठ फुटलेले, आणि हसणं काही थांबत नव्हतं.

"काय दिसलं?"

"चहा आहे का रे?"

बर्फाचं सगळं सांगितलं. कोरड्या साबुदाण्यावर चालल्यासारखा वाजतो. वास नसतो, पण नाक आतून धुतल्यासारखं वाटतं. वरून काय दिसलं, ते मात्र नाही.

फोटो एकच, गाइडने काढलेला. आत्या, आणि मागे सगळं पांढरं.

"ढग होते ना? काही दिसलंच नाही ना तुला?"

"असेल."

असेल काय असेल! किती महिने मी डोकं खाल्लं तिचं. जेवताना, टीव्ही बघताना, दादरला बाजारात. एकच उत्तर, "जाऊन बघ."

मग फुप्फुसांचं दुखणं निघालं. तिच्याच वॉर्डात, तिनेच शिकवलेल्या मुली तिचं सगळं करत होत्या. शेवटच्या आठवड्यात मी म्हटलं, "आता तरी सांग गं."

तिने मास्क बाजूला केला. "सांगितलं तर जाशील का तू?"

मी बाहेर जाऊन रडलो. हमसून हमसून रडलो. तेव्हा कुठे कळलं, ती माझी गंमत करत नव्हती. उलट्यांच्या धसक्याने मी पुन्हा डोंगराचं नाव काढणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

ती गेल्यावर मी हळूच त्या गाइडला फोन केला. ऊपर से क्या दिखता है?

"आंटी ने मना किया है, भैया. बोली थीं, वो पूछेगा."

बघा.

मित्र म्हणतायत जायचंच तर मोठं काहीतरी कर, नाव असलेलं शिखर कर. नाही. तेच करणार. जूनमध्येच. या वेळी हळूहळू, वाटेत एक दिवस जास्त थांबून, तिने बजावलं होतं तसं.

गेला महिनाभर तिचीच सॅक पाठीवर घेऊन जिना चढतोय. तांदूळ भरून. काल तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आत ओरडल्या, "अहो, लिफ्ट परत बंद पडली वाटतं!"

खूप हसलो. मग तिथेच पायरीवर बसून राहिलो.

आत्या, तुझी खूप आठवण येते गं.

आदरांजलीचे शब्द परत आल्यावर लिहीन. आधी वर जाऊन बघतो.

आणि मी पण कोणाला सांगणार नाही.

जय भीम, आत्या.