अप्पारावांचा वेडा राजा

म्हैसूरच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत आता कापड रंगवणारं कोणीच उरलं नव्हतं, पण गल्लीचं नाव तेच होतं. अप्पारावांचंही तसंच. मार्केटजवळ त्यांचं सुया-दोरे-बटणांचं बरं चाललेलं दुकान होतं, पण दुकानदार म्हणून त्यांना कोणी ओळखत नसे. गल्लीच्या लेखी अप्पाराव म्हणजे वेडा राजा. दसऱ्याची जंबू सवारी, म्हणजे हत्तीवरची मिरवणूक, आटोपली की दुसऱ्या दिवशी मराठी रंगारी समाजाच्या देवळाच्या अंगणात मराठी नाटक व्हायचं, आणि त्यातला पुत्रशोकानं वेडा होणारा राजा कैक वर्षं अप्पारावच करीत.

नाटक जुनं, वाक्यं पल्लेदार. गल्लीतल्या, कानडीत वाढलेल्या तरुण पोरांना त्यातलं निम्मं मराठी कळत नसे. ती चुळबुळत बसत आणि वेडाच्या प्रवेशाची वाट पाहत. वेडाला मराठी लागत नाही. अप्पाराव मुंडासं भिरकावून देत, टोपाचे केस मोकळे सोडत, खदाखदा हसत, खांबालाच मुलगा समजून मिठी मारत आणि शेवटी केळीचं पान तोंडात कोंबत. टाळ्यांनी अंगण दणाणून जाई. पुढे दिवाळीपर्यंत पोरं केस पिंजारून, तसंच हसत गल्लीभर उंडारत.

हे वेड त्यांनी आणलं कुठून? तर नाटक बसवणाऱ्या भुजंगरावांकडून. भुजंगरावांनी ते आपल्या काकांकडून घेतलं होतं आणि काकांनी कुठल्याशा फिरत्या कंपनीकडून. जुन्या नाटकांतले राजे वेडे झाले की झाडांशी बोलतात, राण्या वेड्या झाल्या की गाणी म्हणतात आणि केस तर सगळ्यांचेच सुटतात. ह्या मंडळींपैकी कोणी मन हरवलेलं माणूस जवळून पाहिलं होतं म्हणाल, तर नाव नको. असतंच तसं, असं अप्पाराव धरून चालले होते.

चौऱ्याहत्तर साली कुसुमावतीअक्का त्यांच्या घरी राहायला आली. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर तिचं मन थाऱ्यावर राहिलं नव्हतं. बेंगळूरच्या इस्पितळात काही महिने काढून, बरी होऊन ती माहेरी आली. गोळ्या चालू होत्या, पण अक्का पुन्हा पूर्वीची झाली होती. आल्या आल्या तिनं भावजयीच्या सारात मीठ कमी असल्याचं सांगितलं. "वन्सं बऱ्या झाल्या याला आणखी काय पुरावा हवा?" इंदिराबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

एकच गोष्ट दोघांना खटकत होती. अक्का न्हायली की ओल्या केसांचाच घट्ट अंबाडा बांधायची. कट्ट्यावर उन्हात बसा म्हटलं तर नको म्हणायची. शेवटी व्हायचं तेच झालं, सर्दीनं आणि तापानं ती अंथरुणाला खिळली. अप्पाराव वैतागले.

"हा कसला हट्ट, अक्का? ओले केस बांधतात का कोणी?"

अक्कानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "आले त्याच आठवड्यात बसले होते रे केस सोडून. समोरच्या जयलक्ष्मीनं पोराला ओढून आत नेलं न् दार लावलं. पोर ओरडत होतं, 'हुच्च राजा! हुच्च राजा!' वेडा राजा म्हणे. तिला बोल लावू नकोस, अप्पा. बिचारीनं वेड पाहिलंय ते तुझंच."

अप्पारावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांच्या टाळ्या त्यांना नकोशा झाल्या. आपल्या घरात, आपल्या बहिणीला केस वाळवायची चोरी व्हावी आणि ती आपल्यामुळे, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. संध्याकाळी ते तिच्या उशाशी बसले आणि जे अजून घरातल्या कोणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "अक्का, तुला तेव्हा कसं होत होतं ग?"

"हसू तर नव्हतंच बाबा," अक्का म्हणाली. "ह्यांच्या धोतराच्या घड्या घालत बसायचे. कोपऱ्याला कोपरा लागला नाही असं वाटायचं, की मोडायची, पुन्हा घालायची. कोणी आलं की छान बोलायचे, कॉफी विचारायचे. सुम्ने, उगाच लोकांना कशाला कळायला हवं? ते गेले की पुन्हा घडी."

दुसऱ्या दिवशी अप्पाराव भुजंगरावांकडे गेले. "राजा केस सोडणार नाही. मुलाच्या उपरण्याच्या घड्या घालील."

"अय्यो! राजा आहे का धोबी? लोक त्याच प्रवेशाला येतात की हो!"

"मग दुसरा राजा बघा."

दुसरा राजा कुठून आणणार? एवढी वाक्यं पाठ कोणाला होती? भुजंगराव धुसफुसत तयार झाले.

त्या वर्षी नाटक साफ पडलं. राजा खाली बसून उपरण्याची घडी घालू लागला, तबलजी सवयीनं त्याच्या हसण्याची वाट पाहत हात उचलून तसाच राहिला. प्रधान आला. राजा म्हणाला, "या, बसा. प्रवास सुखाचा झाला ना?" आणि पुन्हा कोपरा जुळवू लागला. मागून कोणी ओरडलं, "केस सोड की!" शिट्टी झाली, चार माणसं उठून गेली. मुंडाशाकडे अप्पारावांचा हात गेलासुद्धा. तो त्यांनी मोठ्या कष्टानं उपरण्यावर आणला. बायकांच्या बाजूला इंदिराबाईंशेजारी अक्का बसली होती. तिकडे पाहायची त्यांची छाती झाली नाही.

सकाळी ते तोंड लपवून माजघरात बसले होते. अक्का न्हाऊन आली आणि सरळ बाहेर कट्ट्यावर गेली. इंदिराबाईंनी नवऱ्याला खुणेनं खिडकीशी बोलावलं. अक्कानं केस सोडले होते, पाठभर.

समोर जयलक्ष्मी भाजी घ्यायला दारात आली होती. तिनं पाहिलं आणि तिचा हात पोराच्या खांद्यावर गेला. पण काल झालेला विरस जयलक्ष्मीच्या पोटात राहीना. ती पोराला धरूनच रस्ता ओलांडून आली.

"काय हो अक्का, काल तुमच्या भावानं केलं काय ते? राजा वेडा वाटलाच नाही. आपल्या घरातलंच कोणी बसलंय, असं वाटत होतं."

"घरातलंच असतं ग," अक्का केस झटकत म्हणाली. "मी नव्हते का?"

जयलक्ष्मीनं पोराच्या खांद्यावरचा हात काढला आणि ती कट्ट्यावर अक्काशेजारी बसली.