आईचा श्वासाचा व्यायाम

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटली.

आईला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. गोळ्यांबरोबर रोज शांत बसून संथ श्वास घ्यायला डॉक्टरांनी सांगितलंय. सकाळी डेअरीला दूध घालून आलो, तिचं बीपी पाहिलं, वाढलेलं. मी खेकसलोच, "नुसतं बसून श्वास घ्यायचा, तेवढंही होत नाही तुला?"

ती उठून बाहेर गेली.

थोड्या वेळानं तिला शोधत गेलो, तर गोठ्यात बसलेल्या गायीला टेकून, डोळे मिटून सावकाश श्वास घेत होती.

"आई, इथं कशाला?"

"रोज हितंच बसते. घरात बसलं की कुनीतरी हाक मारतंयच."

मी चहा मागायला गेलो होतो.

तुमच्या घरी आई कुठं बसते?