रिम पारखणारे कडुबाआप्पा

आदरणीय कडुबाआप्पांची आणि माझी पहिली ओळख वादातून झाली, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहिताना संकोच वाटतो. पण चूक माझी होती, म्हणून लिहितो. मी तेव्हा धावड्याच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. वस्त्यांवरून येणाऱ्या मुलींसाठी माजी विद्यार्थ्यांनी जुन्या सायकली दिल्या होत्या. त्यांना नव्या रिमा बसवायला मी जुन्या जालन्यात आप्पांच्या सायकलच्या दुकानात गेलो आणि ॲल्युमिनियमच्या पातळ, चकचकीत रिमांवर भाळलो.

आप्पांनी एक रिम फरशीवर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबली, सांध्यावरून अंगठा फिरवला. "गुर्जी, गुळगुळीत रोडला ह्या बराबर हायेत. तुमच्या पोरी डबलसीट येतेत, वर दप्तरं. जाड पत्र्याची लोखंडी घ्या. जड हाय, पन दबत न्हाई."

"मुलींना हलकंच बरं," मी ऐटीत म्हणालो. मुख्याध्यापकाला कोण समजावणार! आप्पांनी मी मागितलं तेच, पण मन लावून बसवून दिलं.

महिनाभरात आमच्या खडकाळ वाटेनं चाकं वाकवून त्यांचे आठ करून टाकले. सातवीतल्या सविताचे वडील आणखी दोघा पालकांना घेऊन शाळेत आले. "सर, पोरगी चाकासगट पडली. आता शाळा बास." मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी आप्पा लोखंडी रिमांची चळत घेऊन एसटीनं हजर झाले. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्यांच्या तोंडून आजतागायत निघालेले नाहीत. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी चाकं बांधली, तारा ओढल्या, आउट म्हणजे चाकाची डुगडुग काढली. चाक बांधलं की त्यावर वजन टाकून दाखवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, हा त्यांचा रिवाज.

"बसा गुर्जी," कॅरिअरवर थाप मारत ते म्हणाले.

माझ्या देहाबद्दल काय सांगावं! आप्पांनी साठीच्या वयात मला डबलसीट घेऊन ओढ्याच्या उतारावरून नेलं आणि परत आणलं. मी देवाचा धावा करत होतो, मुली टाळ्या पिटत होत्या. मग त्यांनी चाक उचलून फिरवलं. ते सरळ फिरलं. मी मुद्दाम बोलावलेले सविताचे वडील हसू दाबत म्हणाले, "सरांना झेललं, मंग आमची पोरगी काय जड हाय?"

दुसऱ्या दिवसापासून मुली शाळेत येत राहिल्या.

हा लेख इथेच संपणार होता. सविता आता आमच्याच शाळेत मराठी शिकवतात आणि या ग्रंथाची मुद्रितं तपासतात. त्यांनी समासात लिहिलं, "सर, 'मुली शाळेत येत राहिल्या' याआधी 'आप्पांमुळे' राहिलंय. त्या आठवड्यात शाळा सुटली म्हणून घरी माझं लग्न ठरत होतं."

मला हे आजवर माहीत नव्हतं. आप्पा, तुम्हालाही नसावं. शंभरी पार करा, ठणठणीत राहा. आणि सत्काराच्या दिवशी घाईनं घरी निघू नका. सविताला हे तुम्हाला स्वतः सांगायचं आहे.