चढावरचा काटा

गिरजामावशींच्या पायात काटा मोडायचा तो नेमका नाल्याच्या चढावर. डोक्यावर वांग्यांची पाटी, सोबत मळ्यातून परतणाऱ्या चार बाया, आणि मावशी मध्येच थांबून पाटी बांधावर टेकवत, खाली बसत, तळपाय उलटा करून बघत. "तुमी व्हा समोर, मी आलीच," म्हणत. बाया पुढे जात. साऱ्या गावाला त्यांच्या काट्यांची गंमत वाटायची. एवढे काटे बाभळीलाही नसतील, असं मीच एकदा म्हणाले होते. त्या मनापासून हसल्या आणि हसता हसता खोकत राहिल्या.

ऐंशीची सालं सरत आली होती. मी बेल्याच्या मराठी शाळेत नवी शिक्षिका होते आणि मावशींच्याच घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होते. त्यांचा नवरा कधीच वारलेला, एकुलती लेक शोभा लग्नाची, भाजीचा मळा एकटीच्या जिवावर. पायात काटा नसतो, छातीत दमा असतो, हे मला भिंतीपलीकडून कळलं. सकाळी चूल पेटली की त्यांच्या छातीतली शीळ माझ्या खोलीत ऐकू यायची. एकदा विचारलंच. त्या दार लोटून घेत म्हणाल्या, "हळू बोला बाई. मायले दमा हाय मनून कळलं, तं पोरीची सोयरीक कोन करन?" मी कुणाला सांगितलं नाही. उलट, कुणी काट्यांचा विषय काढला की मीही हसायला लागले.

शोभा नेरडीगोंड्याकडे दिली, नीट नांदायला लागली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी हट्टाने मावशींना आदिलाबादला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तेलुगूत बोलत होते, मी मराठीत सांगत होते. त्यांनी तोंडात फवारा मारायचा एक पंप दिला. दम लागतोय असं वाटलं की लगेच घ्यायचा, वाट बघायची नाही, असं दोनदा बजावलं. पंप हातात येताच मावशींचा चेहरा उतरला. त्यांचे थोरले दीर दम्याने गेले, त्यांना शेवटच्या दोन दिवसांत दवाखान्यात असाच पंप दिला होता. "हा आखरीचा इलाज हाय बाई. हा लागला का मानूस राह्यत नाई." डॉक्टरांसमोर त्यांनी कसाबसा एक फवारा घेतला. मग हात कापायला लागले, छाती धडधडली, आणि त्यांची खात्रीच पटली.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. मला ते बघवेना. म्हणून म्हणाले, "रोज नाही घ्यायचा, मावशी. फारच झालं तर घ्या."

डॉक्टरांनी असं सांगितलं नव्हतं. मावशींनी डोळे पुसून विचारलं, "फारच झालं तं, ना?" मी हो म्हणाले. त्या 'हो'साठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

घरी आल्यावर पंप देव्हाऱ्यात गेला, काशीहून आणलेल्या गंगेच्या गडूशेजारी. लाखेने तोंड बंद केलेला तो गडू आमच्या भागात पुष्कळ घरांत असतो. माणूस जायला निघालं की तो फोडतात आणि तोंडात थेंब घालतात. पंपाची जागा बघून माझ्या मनात काहीतरी यायला हवं होतं. मी शिकलेली बाई, मी चेष्टा करत बसले. पंपालाही फूल वाहता का, असं विचारायची. "वायतो ना. तुमाले काऊन हसू येते?" असं म्हणत त्या तो पदराने पुसून जागेवर ठेवत. घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "अजून फार नाई झालं, बाई." असे दोन हिवाळे गेले. लेक नांदायला गेली तरी लपवायची सवय सुटली नव्हती, चढावरचे काटे तेवढे वाढत होते.

कापूस वेचणीचे दिवस होते, रविवारची दुपार. एक बाई धापा टाकत सांगत आली, गिरजाबाई चढावर बसल्या त्या उठतच नाहीत. बरोबरच्या बाया कधीच पुढे निघून गेल्या होत्या. काट्यासाठी कोण थांबणार? मी देव्हाऱ्यातला पंप उचलला आणि पळत सुटले.

मावशी बांधाला टेकून बसल्या होत्या. ओठ काळेनिळे पडले होते. मी जवळ बसले तशी त्यांची नजर माझ्या हातातल्या पंपावर गेली आणि तिथेच थांबली. एकेका शब्दाला थांबत त्यांनी विचारलं, "बाई... गडू... आनला का?"

मी पंप त्यांच्या तोंडाला लावून दाबला. पुन्हा दाबला. आत ओढायला श्वासच उरला नव्हता. औषध ओठांवरच राहिलं आणि मावशी गेल्या.

शेजारच्या मळ्यातली अनसूया त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. मावशी गेल्याचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पदराने तळव्याची माती पुसत, डोळे बारीक करून ती बघत होती. मान वर न करताच मला म्हणाली, "दिसून नाई राह्यला, बाई. लई खोल गेला असन."