गुडघ्यांचा अर्ज

धोंडीरामने कतारमध्ये, दोह्यात अठरा वर्षं फरशी बसवली. बसवलेली प्रत्येक फरशी तो थापीच्या दांड्याने ठोकून बघे. पोकळ वाजली की उखडायची, मसाला नव्याने भरायचा. कुणी सांगो न सांगो. द पर्ल या बेटावरच्या तीन इमारतींत त्याची एकही फरशी नंतर उचकटली नाही.

गुडघे गेले तेव्हाच फोरमनची जागा निघाली. फोरमन उभ्याने काम करतो. गावी मुलीचं, बबीताचं नर्सिंग संपायला दोन वर्षं होती. ती जागा मिळाली तर निभलं असतं. मिळाली महमूदला. त्याला पोकळ आवाज कळत नव्हता, पण तो मालकाच्या देशाचा होता. फोरमन त्याच देशाचा, हा कंपनीचा रिवाज.

धोंडीरामने तक्रार टाइप करून घेतली. शेवटी सांगितलं, ‘‘लिहा, गुडघे आता वाकत नाहीत.’’

सोबत आलेला ड्रायव्हर हाफिज ओरडला, ‘‘चाचा, घुटने मत लिखवाओ!’’

‘‘खरं ते सगळं लिहायचं. अर्धं काम मला जमत नाही.’’

मजूर कार्यालयाने सांगितलं, ‘‘सुट्टी, खोली, करार आमच्याकडे. भेदभाव मानवाधिकारवाल्यांकडे.’’ मानवाधिकारवाल्यांचा कारकून म्हणाला, ‘‘आम्ही शिफारस करतो. हुकूम मजूर कार्यालयाचा.’’

‘‘अरब देशांनी मिळून सनद केलीय ना, भेद करायचा नाही म्हणून?’’ धोंडीरामने विचारलं.

‘‘तिथे सरकारं उत्तर देतात. एकट्या माणसाचा अर्ज घेत नाहीत.’’

वकिलातीने कायदा इथला म्हणून हात वर केले.

‘‘फुटबॉल बन गया, चाचा,’’ हाफिज म्हणाला. ‘‘लात सबकी, गोल किसी का नहीं.’’

महिन्याने तक्रार खुलाशासाठी कंपनीकडेच आली. ऑफिसातल्या नाशिकच्या श्रेयसने त्याला बोलावलं.

‘‘बसा काका. बसता येतं ना?’’ तो हसला. ‘‘भेदभावाचं उत्तर दोन ओळींत दिलं, कुणी पुढे विचारलं नाही. पण गुडघे वाकत नाहीत हे तुम्हीच लिहिलंय. अनफिट. गुरुवारचं परतीचं तिकीट. खलास.’’

धोंडीराम उठला.

‘‘आणि हो, तोवर महमूदला तो आवाज शिकवा.’’

त्याने शिकवलं. दोन दिवस, नीट, काही हातचं न राखता. बुधवारी दुपारी महमूद ठोकत ठोकत एका फरशीशी थांबला.

‘‘ये?’’

‘‘हां. पोकळ.’’

महमूद खूश झाला. उभा राहिला, थापी धोंडीरामच्या हातात दिली.

‘‘यल्ला. चलो, शुरू.’’

धोंडीराम भिंत धरून गुडघ्यांवर बसला आणि फरशी उखडू लागला.