पाणी कुणी सोडलं

वर्षातून एकदा तरी मी कुमसाराला बसते, म्हणजे पाद्रीबाबांपुढे आपली पापं सांगायला. शेजारणीचा हेवा केला, सासूला उलट बोलले, रविवारची मिसा चुकवली — सगळं सांगून होतं. हे मात्र तिथेही कधी तोंडातून निघालं नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, आणि मला क्षमा करण्याचा अधिकार तुम्हाला नाही म्हणून. मला ती नकोच आहे.

पाणी मी सोडलं. चला, एवढं आधीच सांगून टाकते. ते सोडल्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही, आज तर मुळीच नाही. पण माझी चूक ती नव्हे. तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल — घाई करू नका.

मी लवीना. तेव्हा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एका काजू कारखान्यात सुपरवायझर होते. सोलणाऱ्या बायकांवर देखरेख माझी, आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेचं कामही माझ्याच गळ्यात मारलेलं. काजूची टरफलं तुम्ही कधी जाळली आहेत? त्यांचं तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, आणि पेटलं तर घागरभर पाण्याला भीक घालत नाही. टरफलांचं गोदाम आणि बायकांचा हॉल यांच्या मध्ये एक बोळ होता. हॉलचा मागचा दरवाजा त्या बोळात उघडायचा आणि तिथून थेट अंगणात पडता यायचं. पुढच्या दाराशी बॉयलर. म्हणजे जीव वाचवायची वेळ आलीच तर बायकांना वाट ती एकच.

म्हणून त्या बोळाच्या छताला स्प्रिंकलर लावलेले होते. हॉटेलातल्या स्प्रिंकलरला काचेची बारीक नळी असते. उष्णतेने ती फुटली की तेवढ्याच तोंडातून पाणी येतं. आमच्या स्प्रिंकलरची तोंडं कायमची उघडी. पाणी अडवून धरलेलं असायचं एकाच व्हॉल्व्हने, आणि तो उघडायचा हुकूम भिंतीवरच्या लाल पेटीचा — फायर पॅनेलचा. ते बसवलं अंताने आणि त्याची देखभालही तोच करायचा. कट्टा गावात एसटी स्टँडजवळ त्याचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान. पॅनेल कसं चालतं ते मला त्यानेच शिकवलं, आणि अगदी हौसेने शिकवलं.

पॅनेल उतावळं नसतं, तो सांगायचा. एका डिटेक्टरला धूर दिसला तर ते नुसती घंटा वाजवतं. दुसऱ्यालाही दिसला की मग खरं मानतं. तरीही थोडं थांबतं, कुणाला ती खोटी धावपळ वाटली तर बटण दाबून धरायला वेळ मिळावा म्हणून. मग व्हॉल्व्ह उघडतं आणि सगळ्या तोंडांतून एकदम पाणी. वायर तुटली तर? तर पाणी येत नाही, पिवळा दिवा लागतो. वायरींमधून सतत थोडीशी वीज फिरवून ते स्वतःचीच नाडी बघत असतं. हे सांगताना अंता पॅनेलच्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहायचा, गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

आणि एक दांडा होता. हॉलच्या मागच्या दाराशेजारी पिवळ्या डब्यात. तो खाली ओढला की पॅनेल कुणाला काही विचारत नाही — माणसाने डोळ्यांनी आग पाहिली असं समजतं आणि पाणी सोडतं.

गणपती झाले, दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि शेठनी तो बोळ काजूगराच्या खोक्यांनी भरून टाकला. छताला टेकतील इतकी खोकी. मधून एक माणूस आडवा होऊन कसाबसा जाईल एवढी फट. मी सांगितलं, पुन्हा सांगितलं. दिवाळी होऊ दे, मग बघू — हे उत्तर. गाढवापुढे वाचली गीता! एकदा तर म्हणाले, पाणी यायला दोन-दोन डिटेक्टर लागतात ना, मग खोक्यांना काय भीती? खोक्यांना! बायकांची भीती त्यांच्या डोक्यातही आली नाही.

मग एका दुपारी गोदामात टरफलांचा ढीग धुमसला. एकाच डिटेक्टरला धूर लागला, घंटा वाजली. बायका मागच्या दाराकडे धावल्या आणि त्या फटीत अडकल्या. शैला सर्वांत पुढे होती — सहावा महिना. मागून रेटा, पुढे खोकी. ती ओरडत नव्हती, दोन्ही हातांनी पोट धरून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला बाहेर काढली तेव्हा तिच्या कोपरांची सालं गेली होती. ढीग विझवला, कुणाला फार काही झालं नाही. आणि संध्याकाळी शेठनी मला बोलावून विचारलं ते काय? खोकी कुणी चेपली ते.

मला अजून राग येतो. हे लिहितानाही येतो आहे, आणि तो पश्चात्ताप नव्हे.

त्यानंतर दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, बायका अंगणात फणसाखाली पेजेचे डबे उघडून बसल्या होत्या. बोळात कुणी नाही हे मी आत जाऊन बघितलं. परत हॉलमध्ये आले, दार लावलं आणि दांडा ओढला. तुम्ही असं पाणी कधी ऐकलं नसेल. पावसासारखं नाही ते, धरणाचं दार उघडल्यासारखं. दिवाळीचा सगळा माल लगदा झाला. मी दाराला पाठ लावून उभी होते आणि हसत होते — हो, हसत होते. त्या बोळात पुन्हा कधी एक खोकं लागलं नाही. आज मी तिथे नाही, पण बोळ मोकळाच आहे. तिथे मोठी आग कधी लागलीच नाही, मग तू कुणाला वाचवलंस, असं म्हणाल? म्हणा. उद्या तीच वेळ आली तर पुन्हा ओढीन.

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं, नाही? पण थांबता येत नाही.

मला वाटलं होतं, मी छाती पुढे काढून सांगेन — होय, मीच. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. पण पाण्याचा आवाज थांबेना, तसं माझं हसू ओसरलं. नोकरी जाईल. पोलीस येतील. नवरा तेव्हा घरी बसून होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही चालणार नाही. माझ्याकडे त्या डब्याची किल्ली होती, मी दांडा वर करून बसवला. कुणी ओढलाच नाही असा दिसायला लागला. एवढं करून गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं, वाफेवर नाहीतर नशिबावर गेलं असतं.

पण अंता सकाळीच येऊन गेला होता. तो डबा त्याने उघडून पुसला होता. आणि त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं की ह्या डब्याचं झाकण घट्ट हवं. हॉलमधली वाफ आत शिरली आणि वीज जोडणाऱ्या आतल्या दोन पट्ट्या ओलाव्याने जोडल्या गेल्या, तर पॅनेलला वाटतं दांडाच ओढला. पॅनेलला त्यातला फरक कळत नाही.

मी टेबलावरची काजू सोलायची सुरी घेतली आणि त्या झाकणाचा स्क्रू सैल केला.

हे ते. पाणी नव्हे — हे. राग शेठवर, आणि वड्याचं तेल वांग्यावर! सुरी जागेवर ठेवली, अंगणात धावत गेले आणि सर्वांत आधी ओरडले तीही मीच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशा.

अंताला बोलावलं. शेठनी त्याला सगळ्यांसमोर वाटेल ते ऐकवलं. तो डब्यापाशी जाऊन झाकण हलवून बघत राहिला. मग माझ्याकडे आला. त्याचा चेहरा मला बघवेना, पण मी बघितलं.

“लवीनाबाय, झाकण मी घट बसवललंय गो. माका तसा आठवता. तू थंयच होतंस मां सकाळी?”

तो माझ्याकडे साक्ष मागत होता. मी खरोखरच तिथे होते. त्याने स्क्रू पिळला, मग अंगठ्याने दाबून बघितला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नुसतं ‘माका ठावक नाय’ म्हटलं असतं तरी त्याला धरायला काहीतरी राहिलं असतं.

“घाईत होतंस तू,” मी म्हटलं. “झाकण तेवाच ढिला दिसत होता.”

तो माझ्याशी भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. मला खोटारडी म्हणाला असता, तर मीही चिडले असते, माझ्या अंगात ते पुष्कळ आहे. पण तो ‘असात’ म्हणाला. असेल. स्वतःच्या दोन्ही हातांकडे एकदा बघितलं आणि माझं म्हणणं मानलं. कारखान्याचं काम गेलं. मालवणच्या, शिरोड्याच्या हॉटेलांची कामंही एकेक करून गेली; अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. पण कामं गेली ते तो सोसून गेला असता, असं मला वाटतं. त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला. दुकान अजून आहे. बल्ब विकतो, पंखे विकतो. बसवायला मात्र दुसऱ्याला पाठवतो.

मी काय केलं? त्याच्या दुकानावरून जाताना मान खाली घातली का? नाही. मी तिथे थांबून बोलायचे, त्याच्या मुलांची चौकशी करायचे. तो माझ्याशी चांगला वागायचा. सुपरवायझर असून मी त्या दिवशी त्याच्यावर ओरडले नाही, हे त्याच्या मनात राहिलं होतं.

गेल्या नाताळात आमच्या ओसरीवरचा दिव्याचा तारा पेटेना. सणाच्या गर्दीत कुणी मिळेना, तेव्हा नवरा मला न विचारता अंतालाच घेऊन आला. तो नको नको म्हणत आला. एका ताऱ्यासाठी त्याने अख्ख्या घराची वीज बंद केली. वायर जोडली, सोडवली, परत जोडली. कपाळावर घाम. मग स्टुलावरून उतरून मला म्हणाला, “लवीनाबाय, एकदा तू चढान बघ गो. माझ्या हाताचो माका भरवसो नाय.”

मी स्टुलावर चढले. जोड पक्का होता, त्याचं काम पूर्वी असायचं तसाच. मी वरूनच म्हटलं, “बरा आसा.”

तो मान हलवून, माझ्या शब्दावर विसंबून मेन स्विच लावायला आत गेला. तेव्हाही मी त्याला सांगितलं नाही.